दोन किसन

भैरूनं टेम्पोच्या मागच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि किसन आत सरकी पेंडीच्या पोत्यांमध्ये अंधारात बसून राहिला. किसनचा गणवेश आणि कार्ड अंगावर चढवून त्याचा हा जुळा भाऊ चाकणला किसन कामाला होता त्या कंपनीच्या गेटाकडे निघाला. गेटाबाहेर तपासणीची गाडी उभी होती. आज सगळ्या कामगारांचा ईसीजी निघणार होता.

युक्ती भैरूचीच: तपासणी त्यानं द्यायची, मग कार्ड घेऊन किसननं पाळीवर जायचं. शाळेत एकाच्या छड्या दुसऱ्यानं खाल्ल्या, तेव्हा गुरुजींना कळलं नव्हतं. मशीनला काय कळणार? किसनच्या ठोक्यांचा ताल बिघडलेला. कागदावर तो उमटला की भट्टीवरून सरळ घरी.

पिंपरीच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही तपासलं होतं. जनुकं सारखीच, त्या म्हणाल्या होत्या, पण जगण्याच्या खुणा जनुकांवर बसतात. त्या खुणांनी काही जनुकं जागी होतात, काही झोपून राहतात. भैरू दिवसा पेंड पोचवतो आणि दिवे लागले की जेवून घोरतो. किसननं वर्षानुवर्षं रात्री भट्टीपुढे काढलेल्या. गोळ्या घ्या आणि रात्रीचे झोपा, खुणा कदाचित पुसटही होतील, असं बाईंनी बजावलं. अंगात कसर आहे असं सांगून त्यानं कंपनीच्या या तपासणीपर्यंत दिवसपाळी मागून घेतली होती, आणि त्या झोपेनं त्याला खरंच बरं वाटू लागलं होतं.

पत्रा तापला. छातीत ते सुरू झालं, पिशवीत कोंडलेल्या कोंबडीसारखं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते. किसननं पत्र्यावर मूठ उगारली. दार उघडायला त्याच्याच लाइनवरची माणसं धावली असती आणि त्यांना दोन किसन दिसले असते. नोकरी तर जाईलच, वर भैरूही अडकेल. इकडे आड, तिकडे विहीर. त्याला रडू आलं. वर उचललेली मूठ त्यानं तोंडात कोंबली.

बाहेर पावलं थांबली. सुपरवायझर अजिंक्य भैरूच्या मागोमाग आला होता.

"किसनभाऊ, डॉक्टर म्हणतात तुमचं हार्ट पंचविशीतल्या पोराचं. मग इतके दिवस सोंग कशाला केलंत? सोमवारपासून नाइटला या."

किसननं आतून पत्र्याला कान लावला.

"येतो, साहेब," भैरू म्हणाला.

थोड्या वेळानं कडी निघाली. किसनचा पांढराफटक चेहरा बघून भैरू वरमला.

"दुसरं काय म्हननार व्हतो मी?"

त्यानं गळ्यातलं कार्ड काढून भावाच्या गळ्यात घातलं. त्यावर 'फिट' असं हिरवं स्टिकर चिकटवलेलं होतं. किसन जागचा हलला नव्हता, तरी कार्ड छातीवर उडत होतं, कधी लागोपाठ, कधी मध्येच थांबून.