तळवा समोर

"हात वर. तळवा समोर. आणि काय म्हणायचं?"

"थांब! मला हे आवडत नाही!" तिसरीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"आणि तरी नाही थांबलं तर?"

"बाईंना सांगायचं!"

बाईंनी फळ्यावर तीन पायऱ्या लिहिल्या. हात दाखवा. शब्दांत सांगा. बाईंकडे या. खडू ठेवला आणि खिडकीजवळच्या बाकाकडे पाहिलं.

हे त्यांचं शाळेतलं शेवटचं वर्ष. पहिल्या नंबरानं आलेल्या मुलांची नावं त्या केव्हाच विसरल्या होत्या. आठवायचं ते दर वर्षीचं एक मूल. तोतरा. पांढऱ्या डागांची. सदऱ्याला बटणं नसलेला. दर वर्षी एक असायचंच, आणि दर वर्षी बाई "असं करू नये बरं का" एवढं म्हणून पुढचा धडा घ्यायच्या. या वर्षीची खिडकीजवळ एकटी बसली होती. तिचा डावा कान वाहायचा. कानात कापसाचा बोळा असायचा, म्हणून वर्गानं तिचं नाव कापूस ठेवलं होतं.

सकाळी तिची आई तिला दारापर्यंत ओढत घेऊन आली होती.

"रोज किती ओढू हो बाई? आज मधल्या सुट्टीत कानात औषध घालायला येते, तेव्हा तिलाच विचारते, शाळेत यायचंय का म्हणून. नाही म्हणाली तर दप्तर घेऊनच जाते. मग नाव काढून टाका."

"आजचा दिवस द्या मला," बाई म्हणाल्या होत्या.

"तू ये गं पुढे," त्यांनी आता तिला हाक मारली. मग मॉनिटरला, दोन वेण्यांच्या मुलीला उठवलं. "तू हिची पेन्सिल ओढ. खोटी खोटी."

वेणीवालीनं पेन्सिल ओढली.

"थांब! मला हे आवडत नाही!"

कानात कापूस, त्यामुळे तिला स्वतःचा आवाज कळायचा नाही. शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. वर्ग खो खो हसला.

"एवढं ओरडायचं नाही बाळा. न ओरडता, न रडता. डोळ्यांत बघून. पुन्हा म्हण."

तिनं पुन्हा म्हटलं. परत हसू. आणखी एकदा. पाचव्या खेपेला जमलं. बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. ती जागेवर गेली तेव्हा बोळा खाली पडला होता. पहिल्या बाकावरच्या मुलानं तो पट्टीनं कोपऱ्यात सारला.

मधली सुट्टी झाली. बाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. खाली मुली दोरीवरच्या उड्या मारत होत्या. खिडकीजवळची मुलगी पायऱ्या उतरली आणि, कितीतरी दिवसांनी, भिंतीकडे न जाता सरळ दोरीकडे निघाली. बाईंनी कठडा घट्ट धरला.

दोरी थांबली. वेणीवालीनं हात वर केला. तळवा समोर.

"थांब. मला हे आवडत नाही."

आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत बघून म्हटलं होतं. मग दुसरा हात वर गेला, तिसरा, सगळेच. मुलगी नळाकडे वळली. नळावरच्या रांगेनं तळवे दाखवले. ती झाडाखालच्या बाकाकडे गेली. तिथं पहिलीतली तीन पोरं बसली होती, त्यांना ती कोण हेही ठाऊक नव्हतं. त्यांनीही इवलेसे हात वर केले.

कुणी हसलं नाही.

"अहो, काय सुरेख शिकवलंत!" मोठ्या बाई मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला. "एका तासात! भांडण नाही, आरडाओरडा नाही. नाहीतर एरवी नुसता मासळीबाजार!"

बाई गुडघ्यावर हात ठेवत जेवढ्या भराभर उतरता येईल तेवढ्या उतरल्या.

"काय चाललंय हे?"

"काही नाही बाई," वेणीवाली म्हणाली. "आम्ही तिला कापूस नाही म्हटलं. ढकललं पण नाही. विचारा हवं तर."

"मग काय आवडत नाही तुला?"

"ती जवळ आलेली."

सरळ सांगितलं पोरीनं. हिची आईही याच वर्गात होती. अशीच बोलताना नजर न हलवणारी.

"तुम्हीच म्हणालात ना बाई, आवडलं नाही तर सांगायचं?"

फळ्यावर चौथी पायरी नव्हती.

दोरी पुन्हा फिरू लागली. बाई मुलीला शोधत फाटकाकडे गेल्या. ती गज धरून उभी होती. पलीकडून तिची आई औषधाची बाटली हातात धरून रस्ता ओलांडत होती.

"बाळा, इकडे बघ. चुकलं माझं. मला सांग ना, काय झालं ते. चल, आपण दोघी वर्गात बसू." त्यांनी तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला.

मुलगी वळली. तिनं हात वर केला. तळवा समोर.

"थांबा, बाई. मला हे आवडत नाही."

न ओरडता, न रडता, डोळ्यांत बघून. पहिल्याच खेपेला जमलं.