दोन्ही दाखव

टेबलावर चढण्यात इंदूबाईंचा नफा उघड होता: नातीच्या निमित्तानं स्वतःची सोनोग्राफी फुकटात. निदान त्यांच्या सुनेनं, मायानं, हिशोब तसाच मांडला. गुडघे ठणकले तरी ही सासू दुखण्याची गोळी घेत नसे. पाणी मात्र बाटल्याच्या बाटल्या पीत असे. ते फुकट ना!

पण आधी आजीनं झोपून दाखवायचं, ही युक्ती नामी होती. चार वर्षांची पिंकी धंतोलीतल्या सोनोग्राफी सेंटरच्या थंड खोलीत आडवी व्हायला तयार नव्हती. लघवीच्या इन्फेक्शननं तिला दुसऱ्यांदा ताप आला होता. किडनीला सूज निघाली, तर नळी घालून आणखी फोटो काढावे लागणार होते.

तिचा बाप, पियुष, दाराशी पांढराफटक उभा होता. त्यालाही लहानपणी असेच ताप यायचे. कोणी फोटो काढला नाही. दोन्ही किडन्या गेल्या. बाराव्या वर्षी त्याच्या वडिलांनी, दादाजींनी, आपली एक दिली, हे त्याला घरूनच कळलेलं. दारूत बुडालेला माणूस ऐन वेळी बाप ठरला, असं पियुष सगळ्यांना सांगे. दादाजी गेल्यापासून त्यांच्या फोटोला हात जोडल्याशिवाय तो सकाळची गोळी घेत नसे. इंदूबाई तेव्हा भांडी जरा जोरात आपटत.

“पाह्य वं पिंकी, मी कशी झोपली,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरबाई, उजवीकडूनच पाहा. डावीकडं मले गुदगुल्या होते.”

डॉक्टर भावना यांनी जेल लावलं. पडद्यावर राखाडी आकार उमटला. “ही आजीची किडनी.”

“दुसरी?” पिंकीनं विचारलं.

“तशीच राह्यते वं. चाल, आता तू.”

“दोन्ही दाखव. मग मी.”

“दाखवा ना आई,” माया हसली. “वेगळे पैसे नाही लागून राहिले.”

इंदूबाईंनी पियुषकडे पाहिलं. “तू बाहेर जा गा. पाणी आण मले.”

“बाटली भरलीच आहे ना वं माय.”

इंदूबाई कुशीवर वळल्या आणि पदर सरकवला. कमरेवर लांब, जुना व्रण होता. डॉक्टरांचा हात थबकला, मग फिरला. वर, खाली, पुन्हा वर.

“आजीची एकच!” पिंकी खूश झाली, आणि शब्दाला जागून आडवी झाली.

डॉक्टरांनी दोनदा पाहून सांगितलं, “दोन्ही छान आहेत. सूज नाही.” मायाला रडूच फुटलं.

पिंकी बोटं मोजत होती. “माझ्या दोन. आजीची एक. बाबा, तुझ्या?”

पियुषचा हात पोटावर गेला होता.

“एकच,” तो म्हणाला. “तेबी आजीचीच.”