अकराव्या सेकंदावरचं नाव

“नाव बदला. बाकी आबांच्या एका शब्दाला हात लावायचा न्हाई,” जयराज म्हणाला.

कस्तुरीने हेडफोन गळ्यात घेतला. विश्रामबागेतल्या त्या छोट्याशा गाळ्यात तिचा स्टुडिओ होता. गाळा जयराजच्या घरचा, त्यामुळे न विचारता खुर्ची ओढून तो बसला होता. मुंडण केलेल्या डोक्यावरची टोपी सारखी मागे सरकत होती.

त्याचे वडील, रिटायर सुभेदार नाथाजी, जाऊन दहा दिवस झाले होते. हात थरथरायला लागल्यावर कागदाऐवजी त्यांनी इथे येऊन आवाज भरून ठेवला होता. घरच्या सासनकाठीचा मान पुढे कुणाकडे, थोरल्या जयराजकडे की धाकट्या शिवतेजकडे, ते त्यात होतं. तेराव्याला भावकीसमोर ते वाजणार होतं. चैत्रातल्या यात्रेत देवाची ती उंच काठी जो नाचवेल तोच घरचा कर्ता, असं शिराळ्याकडचं त्यांचं गाव मानायचं.

“पुन्हा लावा.”

तिने लावलं. आधी खोकला. मग तो परेडवरचा आवाज : “सासनकाठी माझ्यामागं शिवतेजकडं राहील. भांडू नका.”

जयराजने टेबलावर थाप मारली. “शिवतेज! जल्मात कवा पुरं नाव घेऊन हाक मारली न्हाई त्याला. कायम शिवा, शिवा. आन आज शाळेतलं नाव आठवलं व्हय?”

“माइकसमोर बसला की माणूस असाच बोलतो,” कस्तुरी म्हणाली. “इथे येऊन लोक बायकोलासुद्धा सौभाग्यवती म्हणतात.”

“चेष्टा नको, ताई. दोन वर्सं आबांस्नी पाठीवर घेऊन साताऱ्याच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलो त्यो मी. ह्यो तवा पुण्यात एसीत बसला हुता. काठी त्याला? त्याचा खांदा टिकंल का तिच्याखाली?”

“मग भावकीला हेच सांगा.”

“भावकी आबांचं ऐकती. माझं न्हाई.” त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढून आपटला. “माझ्या लेकीच्या साखरपुड्याचं शूटिंग हाय. त्यात आबा म्हणत्यात, ‘जेवणाचं जयराजकडं हाय.’ त्यातलं ‘जयराजकडं’ उचला आन बसवा हिकडं.”

“ते बरं नाही.”

“बरं-वाईट तुमाला कोण इचारतंय? जमतंय का ते सांगा. न्हाईतर एक तारखेला गाळा मोकळा करा. भाडेकरू लय मिळत्यात.”

लाइटबिल हातात घ्यावं तशी कस्तुरीने धमकी घेतली. मग पेन ड्राइव्ह लावून स्क्रीन त्याच्याकडे वळवली.

“हा वरचा सोर्स, तुमच्या लेकीचा साखरपुडा. हे खालचं डेस्टिनेशन, आबांचं बोलणं. वर दोन खुणा, खाली दोन खुणा, तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला. वरून उचललेलं खालच्या जागेत श्वासासकट बसायला हवं. साखरपुड्यात मागे सनई आहे. ती आली तर भावकी विचारेल, सुभेदार स्टुडिओत सनईवाला घेऊन गेले होते का?”

जयराज हसला नाही.

तिने खालच्या पट्टीत अकराव्या सेकंदावर खुणा केल्या. हात माउसवरच राहिला.

“दरवर्षी काठी उचलताना हे आठवेल तुम्हाला.”

“आठवू दे! त्यांनी जाता जाता मला हाणलं, मी मागनं त्यांस्नी हाणतो. फिटलं.” त्याने तोंड फिरवलं. टोपी काढली, चुरगाळली, पुन्हा घातली. “निस्तं एकदा माझं नाव घ्यायचं हुतं, ताई. काठी गेली खड्ड्यात.”

 कस्तुरीने पाण्याची बाटली पुढे सरकवली.

“बाहेर थांबा. मागे कुणी बसलं की माझा हात चालत नाही.”

“जोड कुणाला कळंल?”

“कुणालाच नाही.”

“आन तुमी गप ऱ्हाशीला?”

“मी गप्पच आहे.”

दार लोटून तो बाहेर कठड्याशी पाठमोरा उभा राहिला.

कस्तुरीने साखरपुड्याचा सोर्स बंद केला. त्यातलं काहीच घ्यायचं नव्हतं. परवा याच खुर्चीत बसून, याच गाळ्याची धमकी देऊन शिवतेजने आबांच्या एका जुन्या भाषणातून उचलून बसवून घेतलेला ‘शिवतेजकडं’चा जोड तिने काढून टाकला, आणि खालून नाथाजींचं मूळ बोलणं जसंच्या तसं वर आलं : “सासनकाठी माझ्यामागं जयराजकडं राहील.”