आधी गोटा, मग पाणी

कावळा काही येईना.

नाल्याच्या काठावर पार्वताबाईचा दहाव्याचा पिंड मांडून कितीतरी वेळ झाला होता. ऊन डोक्यावर आलं. समोरच्या बाभळीवर कावळे चोची वासून बसलेले, पण खाली उतरायचं नाव नाही. पार्वताबाईचा मुलगा पंजाबराव हात जोडून एकेक कबूल करत होता.

"माय, मारुतीच्या देवळाले पायऱ्या बांधतो."

कावळे ढिम्म.

"कौशल्याचं लगन अकोल्यात, चांगल्या घरी करतो."

कावळे आणखी ढिम्म.

थोडं दूर, कडुनिंबाखाली शेजारच्या गंगूकाकूजवळ बसलेल्या कौशल्याचे डोळे बाभळीवरून हलेनात. लग्नाच्या बोलण्यानं नव्हे. आजीचा जीव अजून कशात तरी अडकलाय, ती सुटली नाही, या धास्तीनं.

त्या कडुनिंबाखालीच आजीची पाणपोई होती. सातासमुद्रापार कुठे लढाई जुंपली आणि वऱ्हाडात कापसाचं सोनं झालं. तेव्हापासून हिवरखेडाहून अकोल्याकडे गाड्यांची रीघ. नाल्याच्या चढावर चाकं रुतायची, भरल्या गाड्या उलटायच्या, बैल गुडघ्यांवर यायचे. चढ दुरुस्त करायला मात्र कोणालाच सवड नव्हती. मग आजीनं रांजण मांडले आणि स्वतःचा कायदा केला. ज्याला पाणी हवं, त्यानं आधी नाल्यातला एक गोटा उचलून चाकोरीत टाकायचा. एकदा एका शेठनं गोट्याऐवजी रुपया पुढे केला, तर म्हणाली, "हा चाकाखाली ठेवतं काय?" शेठ मुकाट्यानं वाकला. असा गोट्यागोट्यानं अर्धा चढ बांधून झाला होता.

ती गेल्यापासून रांजण पालथे होते. पाखरांसाठी भरलेलं बुंध्याजवळचं खापरही ठणठणीत कोरडं. सुतकातल्या घरचं पाणी कोण पिणार, म्हणून कोणी हात लावला नव्हता.

एवढ्यात एक गाडी नाल्यात थांबली. म्हातारा गाडीवान ओठांवरून जीभ फिरवत आला.

"पोरी, बुढी कुठी गेली? पानी पाज."

"बुढी वारली, बाबा. आमाले सुतक हाय."

म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून पालथ्या रांजणांना हात जोडले. मग म्हणाला, "तहानेले कुठी सुतक असते वं?"

कौशल्या उठली. गंगूकाकू "थांब वं पोरी, दहावं तं उरकू दे" म्हणते न म्हणते, तोवर पोहरा काठावरच्या विहिरीत गेलाही होता. तिनं रांजण उताणा केला, खंगाळला, भरला. आजी करायची तसंच पहिलं पाणी खापरात ओतलं. म्हाताऱ्यानं ओंजळ पुढे केली, तसा तिनं तांब्या मागे घेतला.

"आधी गोटा टाक, बाबा. मंग पानी."

"बुढीचीच नात तू," म्हणत तो हसत नाल्याकडे वळला. कौशल्याही हसली, आजी गेल्यापासून पहिल्यांदा.

तोच बाभळीवरून पंख फडफडले. कावळे खापरावर उतरले, माना वर करकरून पाणी प्याले. त्यातला एक टुणटुणत काठावर गेला आणि त्यानं पिंडात चोच घातली.

पंजाबरावनं जोडलेले हात सोडले. डोळे पुसले आणि तो लेकीकडे आला.

"कौशे, मायले असं काय कबूल केलं वं तू?"

"काई नाई," कौशल्या म्हणाली. "पानी देल्लं."