मागच्या खोलीपर्यंत

इब्राहीम शिडीवरून उतरला आणि मोबाइल उंच धरत म्हणाला, "घ्या काका, मागच्या खोलीतबी रेंज फुल्ल."

जगदेव अंगणातच उभा होता. कामरगावात उठून दिसेल असं दुमजली घर त्यानं हौसेनं बांधलं, पण वायफाय बैठकीतून निघायचं आणि स्वयंपाकघरापर्यंत येता येता मान टाकायचं. म्हणून आज स्टँडजवळच्या दुकानातून इब्राहीमला बोलावलं होतं. एक डबा वरच्या मजल्यावर बसला, एक जिन्यात. तिसरा मात्र घरात नव्हता. त्याची वायर अंगण ओलांडून, गोठ्याच्या टिनावरून, पार मागच्या एकट्या खोलीत गेली होती.

ही अक्कल जगदेवची. सून योगिनी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची, आणि महिन्याचे ते चार दिवस तिला या खोलीत बसावं लागायचं. जगदेवची बायको सोजरबाई या बाबतीत देवाचंही ऐकणारी नव्हती. मागच्या खेपेला योगिनीची मीटिंग मधेच तुटली आणि साहेबानं बजावलं, पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा. घरात अबोला सुरू झाला. मग जगदेवनं तोड काढली: नेटच तिथपर्यंत न्यायचं. बायकोचा नियमही राहिला, सुनेची नोकरीही राहिली. काल चार लोकांत त्यानं सांगितलंही, "सुनेसाठी करून राह्यलो बापा, खर्चाले पाह्यलं नाही." खोली कशाची, तेवढं गाळलं.

आज योगिनी त्याच खोलीत होती. मीटिंगची वेळ होत आली होती. रेंज बघायला आत आलेला इब्राहीम घामानं निथळत होता, म्हणून तिनं कोपऱ्यातल्या माठातून गिलास भरला आणि त्याच्या हाती दिला. त्यानं तो ओठांपाशी नेला, तोच अंगणातून सोजरबाई ओरडली, "अरे, त्या गिलासानं नोको पिऊ! तो वायला ठेवेल हाय!"

बिचाऱ्याला माहीत नाही, वेगळ्या ठेवलेल्या गिलासानं त्याला उगाच विटाळ होईल, एवढंच तिच्या मनात होतं.

इब्राहीमचा हात थांबला. त्यानं गिलास अलगद खिडकीत ठेवला. तो रागावला नाही, त्याला नवलही वाटलं नाही. "माफ करा काकू, ध्यानात नाही आलं," तो म्हणाला. "माह्यासाठी कोणता ठेवेल हाय, सांगा. त्याच्यातच पितो."

जगदेवला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. इब्राहीमच्या बापाबरोबर तो एका ताटात जेवला होता. 'तसं नाही रे' हे शब्द अगदी ओठांवर आले, पण मग त्याच्या पुढचं वाक्यही बोलावं लागलं असतं. ते सुनेदेखत, परक्या पोरापुढे कसं बोलायचं? त्यानं बायकोकडे पाहिलं. सोजरबाई तोंडाला पदर लावून गोठ्याकडे बघत होती. दोघंही गप्प राहिले, आणि तेवढा वेळ त्यांनी इब्राहीमला तसंच समजू दिलं. जगदेवला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याची.

बोलली ती योगिनीच.

"इब्राहीमभाऊ, तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी वेगळा ठेवलाय तो. हा माठ, हे ताट, ही खोलीसुद्धा. चार दिवस."

इब्राहीमनं खोलीभर पाहिलं. मग त्याची नजर त्यानंच ओढलेल्या वायरवरून टिनावर गेली, अंगणातून घरापर्यंत गेली आणि खाली वळली. त्याचे कान लाल झाले. त्यानं खिडकीतला गिलास उचलला, तोंड लावून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि जागेवर ठेवला.

"काका," तो वर न बघता म्हणाला, "आत येऊन एकदा पाहून घ्या. बराबर चालते का नाही."

जगदेवचं पाऊल उचललं गेलं. या खोलीची फरशी त्यानं स्वतः निवडली होती, सुनेला पायाला गार लागू नये म्हणून. पंखाही चांगल्यातला लावला होता. पण ती आत बसलेली असताना त्यानं हा उंबरा कधी ओलांडला नव्हता. मागे सोजरबाई उभी होती. जगदेवनं पाऊल मागे घेतलं.

"दिसते मले," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "इथूनच दिसते."

इब्राहीम शिडी खांद्यावर घेऊन त्याच्या बाजूनं निघून गेला.

खोलीत लॅपटॉप वाजला. योगिनीनं केस सारखे केले, माठ आणि खाट कॅमेऱ्यात येणार नाहीत अशी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि हसरा चेहरा केला. आवाज अंगणात स्वच्छ ऐकू येत होता.

"नमस्कार सर. हो, आता नाही तुटणार. सासऱ्यांनी घरभर नेट करून दिलंय... नाही नाही सर, बाहेर कुठे नाही. घरातच आहे."