पिवळ्या दगडापाशी

कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर किनाऱ्याने गाडी हाकायची, डुबकीची जागा दाखवणारा पिवळा दगड दिसला की थांबायचं आणि सिलिंडर बांधून समुद्रात उतरायचं, असा नवरा-बायकोचा बेत होता. उतरत होती मात्र हेमलताच, वाटाड्याबरोबर. नरहर गाडीच्या सावलीत शेंगदाणे खात बसायचा.

"एवढ्या लांब काय कपडे राखायला आलात?"

"गुडघा दुखतोय गं."

"काल पाठ होती!"

त्या दुपारी ती पाण्यातून वर आली तेव्हा तो फोनवर बोलत होता. गुहागरहून तिचा भाऊ होता. अंथरुणाला खिळलेली आई आता फार तर दोन-तीन दिवस काढणार होती.

हेमलता ओल्या अंगाने खाली बसली. समुद्रात खोल जाऊन आल्यावर दिवसभर विमानात चढता येत नाही, जिवावर बेततं.

"मी आजच निघतो," नरहर म्हणाला. "दोघांपैकी एकाने तरी कोरडं राहायला हवं होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग उठून गाडीची किल्ली घेतली.

विमानतळाच्या रस्त्यावर ती एकदाच बोलली. "आईला सांगा, मी मागोमाग येतेय. आणि तिच्या उजव्या बाजूला बसा. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही."