माती न घातलेली प्लेट

माती न घातलेल्या प्लेटवरही ठिपके पडले होते.

तिने प्लेट उजेडाकडे धरली. जंतूंच्या दुधी थरात टाचणीच्या डोक्याएवढे नितळ ठिपके, गेले तीन महिने ती बघत होती अगदी तसेच. ठिपका म्हणजे तिथले जंतू मेले, त्यांना खाणारा विषाणू तिथे आहे. तिचा विषाणू, आईच्या गुलाबाच्या कुंडीतल्या मातीत सापडलेला. पण या प्लेटवर मातीचा कणही नव्हता, माती कालवायच्या बाटलीतलं नुसतं पाणी होतं. म्हणजे विषाणू बाटलीतच होता, प्रयोगशाळेतलाच कुठला तरी जुना. ही साधी तपासणी पहिल्याच दिवशी करायची असते. तिने घाईत टाळली आणि आज अहवालापुरती उरकून टाकू म्हणून केली. घ्या!

सोमवारी विषाणूची नोंद व्हायची होती, आईच्या नावाने. "रोगजंतूला माझं नाव?" आई आधी भडकली होती. "रोगजंतू नाही गं, त्यांना खाणारा." "मग चालेल," म्हणून आईने सगळ्या इमारतीला सांगून टाकलं. त्याचा फोटो, षटकोनी डोकं आणि लांब शेपूट, फ्रिजवर लावला. कुंडीला तर कोणी हात लावायची सोय राहिली नव्हती.

कचऱ्याचा डबा दोन पावलांवर होता. प्लेट आत टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती डब्यापर्यंत गेलीही. मग स्वतःचाच राग येऊन वळली आणि प्लेट प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"माती न घालता?" मॅडमनी विचारलं.

"माती न घालता."

मॅडमनी चष्मा काढला. "सोमवारचं रद्द करते. आता सगळं पहिल्यापासून."

जिन्यात उभं राहून तिने आईला फोन लावला. सांगता सांगता तिला रडू फुटलं. पलीकडून नळाचा आवाज येत होता.

"म्हणजे आपल्या कुंडीत काही नव्हतंच?"

"तसं नाही गं. कुंडीचं अजून कळलेलंच नाही. बाटलीच खराब होती."

नळ बंद झाला.

"माती कुठे पळून जात नाही, उद्या परत ने," आई म्हणाली. "पण लहानपणापासून कानीकपाळी ओरडतेय, भांडी नीट घासत जा!"